आधी आपण त्याच्या खेळात



आमचा नातू चार वर्षांचा. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. गाडी हातात आली की ती उलटी करून तो नुसती चाकं फिरवत बसायचा. “अरे, गाडी अशी चालवतात!” म्हणून मी ती सुलटी करायची, तो पाठ फिरवायचा.

थेरपिस्टबाई म्हणाल्या, “आजी, खाली बसा. त्याच्याच खेळात सामील व्हा.” अमेरिकेतले डॉ. स्टॅन्ले ग्रीनस्पॅन यांच्या ‘फ्लोअरटाइम’ पद्धतीचं सूत्र हेच: मुलाच्या आवडीमागून जायचं. मग मीही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवू लागले. मध्येच हात थांबवायची, वाट पाहायची. एके दिवशी त्यानं माझा हात धरून चाकावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. आपली पाळी, दुसऱ्याची पाळी, आनंद वाटून घेणं, हे सारं मूल खेळातच शिकतं.

एक विनंती. ढोल-झांजा सुरू झाल्या की तो कान झाकतो. त्याला हट्टी म्हणू नका. आरतीआधी, मंडप शांत असताना त्याला बाप्पा पाहू द्या. आणि तुमची नातवंडं त्याच्या शेजारी खेळायला बसवा.

गणपती बाप्पा मोरया!