कोरड्या मुलखाची सहल



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्हा पाचसहा शिक्षकांच्या मनात वाळवंट पाहावयास जाण्याचे घाटत होते. एकाने राजस्थानचा नकाशा आणला. जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक त्याचा पसारा. वाळूच्या टेकड्या, काटेरी झुडपे, चिंकारा हरणे आणि मुख्य म्हणजे माळढोक पक्षी. त्याला तिकडे गोडावण म्हणतात. बेत मोठा नामी होता. पण सिन्नरहून जाण्याचेच अंतर हजार किलोमीटरांच्या वर. रजा किती, खर्च किती, गाडी कोणाची, असा हिशेब सुरू झाला आणि चेहरे उतरू लागले.

आमच्यात तालुक्याच्या पूर्व भागातले एक वयस्क गुरुजी होते. इतका वेळ ते गप्पच होते. ते म्हणाले, "सर, कोरडं रान बघायला एवढं लांब कशाला जायचं? चैतात आमच्या वावीकडं या की!"

सगळे हसले. पण मला वाटले, गुरुजी खरे तेच सांगत आहेत. शाळेत आपण मुलांना पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवतो. तो नकाशात शोधावयाची आपल्याला गरजच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तिथून पन्नासएक किलोमीटर पूर्वेला आपल्या सिन्नरला तो पाचसहाशेवर येतो. पुढे येवला, नगर, कर्जत, करमाळा, सोलापूर असा हा कोरडा पट्टा दक्षिणेकडे उतरत जातो. हे वाळवंट नव्हे, हे खरे. जैसलमेरला पाऊस दोनशे मिलिमीटरांच्या आतबाहेर, तेव्हा त्याची बरोबरी नको. पण हे कोरडे माळ आहेत, आणि माळाचे स्वतःचे असे एक जग आहे. आम्ही राजस्थान पुढल्या खेपेवर टाकले आणि याच पट्ट्यातली तीन अभयस्थाने पाहण्याचे ठरवले : येवला तालुक्यातले ममदापूर-राजापूरचे काळविटांचे राखीव क्षेत्र, कर्जत तालुक्यातले रेहेकुरी, आणि सोलापूरजवळचे नान्नज. अशा सहलीची आखणी कशी करावी, ते आज सांगणार आहे.

पहिली आखणी पाण्याची. ही मी एका जुन्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत विद्यार्थ्यांना घेऊन अशाच एका माळावर गेलो होतो. बरोबरचे पाणी दुपारीच संपले. वाटेत एका वस्तीवर थांबलो. एका आजीने तांब्या भरून दिला, मग दुसरा, मग तिसरा. पोरांनी पाणी प्यायले, तोंडे धुतली, एकमेकांवर उडवलेही. आजी काही बोलली नाही. तिने फक्त सांडत्या पाण्याखाली एक घमेले सरकवले. निघताना माझे लक्ष दाराशेजारच्या पिंपाकडे गेले. त्याचे तोंड फडक्याने बांधले होते. चौकशी केली तेव्हा कळले, वस्तीवर टँकर तीन दिवसांआड येतो. माणूस कितीही गरीब असो, दारी आलेल्याला पाणी नाही म्हणत नाही. म्हणूनच ते मागण्याची वेळ आपण येऊ देऊ नये. माणशी रोजचे पाच-सहा लिटर पाणी सिन्नरहून भरून न्यावे, आणि पुन्हा भरावयाचे ते येवला, कर्जत, सोलापूर अशा मोठ्या गावीच भरावे.

दुसरी आखणी वेळेची. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाने गवत वाढलेले असते, पुढे ते सोन्यासारखे पिवळे होते, आणि ऊनही सोसवते. याच दिवसांत मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी आपल्या माळांवर येतात आणि गवतावरून अगदी खालून घिरट्या घालत हिंडतात. दिवसातले पाहावयाचे तास दोनच : उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारनंतर दिवस मावळेपर्यंत. दुपारी माळ निपचित पडतो. काळवीट बाभळीच्या सावलीला उभे राहते, पाखरू झुडपात शिरते. तीच वेळ आपण गावात घालवावी. येवल्याला पैठणीचे माग पाहावे, करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळात टेकावे.

तिसरी आखणी वाटेची. समृद्धी महामार्ग आता आपल्याच तालुक्यातून जातो. ज्याला लवकर पोचावयाचे त्याला तो सोयीचा. ज्याला पाहावयाचे आहे त्याने जुन्या रस्त्याने जावे. आम्ही वावी, शिर्डी, कोपरगाव करीत येवल्याला गेलो आणि संध्याकाळ ममदापूरकडे काढली. दुसऱ्या दिवशी मागे फिरून नगरमार्गे कर्जत गाठले. या नगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. तिसऱ्या दिवशी करमाळा, टेंभुर्णी करीत सोलापूर. नान्नज तिथून बार्शीच्या रस्त्यावर वीसएक किलोमीटर. जाऊन-येऊन आठ-नऊशे किलोमीटर, मुक्काम तीन, दिवस चार. निघण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात प्रवेशाची वेळ आणि परवानगी विचारून घ्यावी.

गाडीची तयारी साधी, पण काटेकोर हवी. स्टेपनीत हवा आहे की नाही हे घरीच पाहावे, कारण बाभळीचा काटा टायरची नवी-जुनी पारख करीत नाही. जॅक, दोर, बॅटरी, औषधांची पेटी बरोबर असावी. अवकाळी सर येऊन गेली असेल तर डांबरी रस्ता सोडू नये. काळ्या मातीत रुतलेली गाडी काढावयास बैलजोडी नाही तर ट्रॅक्टरच लागतो. मोबाईलवर भिस्त ठेवू नये. कागदी नकाशा जवळ असावा. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. कपडे मातकट रंगाचे. आणि एक नियम मोडूच नये : गाडी गवतात घालावयाची नाही. माळावरचे कितीतरी पक्षी झाडावर घरटे बांधीत नाहीत. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला अंडी घालतात. आपल्याला जे मोकळे मैदान दिसते ते कुणाचे तरी घर असते.

आता पाहावयाचे काय? ममदापूरला काळवीट पाहण्याआधी आम्ही शेतकऱ्यांशी बोललो. ते म्हणाले, "कळप रात्रीतून हरभरा खाऊन जातो. जागल करून डोळ्यांची खाच होते." हे ऐकल्यावाचून काळविटाचे कौतुक करणे बरे नव्हे. जो त्याच्या शेजारी राहतो तोच त्याला सांभाळतो, आणि त्याची किंमतही तोच मोजतो.

रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली झाले. आकार केवढा? दोन चौरस किलोमीटरांहून जरासा जास्त. एखाद्या मोठ्या गावाचे गायरान म्हणा. पण सकाळच्या तिरप्या उन्हात पिळदार शिंगांचा काळा नर मान मागे टाकून उभा राहिला, पलीकडे पिवळसर माद्यांचा कळप चरत होता, आणि आमच्यातले बोलके मास्तरसुद्धा गप्प झाले. थोडी जमीन राखली तरी काय राहू शकते, ते तिथे दिसते.

नान्नजला मात्र उलटा धडा मिळतो. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये फार वजनदार पक्षी. नर मीटरभर उंच, वजनाला पंधरा किलोपर्यंत. मादी बहुधा एका विणीत एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. नाकतोडे, भुंगेरे हे त्याचे खाणे, म्हणजे शेतकऱ्याचा तो मित्रच. डॉ. सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचे नाव सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. नान्नजच्या माळावर माळढोक असल्याकडे सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी जाणकारांचे लक्ष वेधले, आणि १९७९ साली अभयारण्य झाले. कागदावर त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावे आली, शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले.

तोवर माळ बदलून गेला होता. पाणी आले तिथे ऊस आला. कुठे चांगल्या हेतूनेच गवतावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. पण माळढोकाला दूरवर नजर पोचेल असे उघडे रान लागते. विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, उडता उडता वळताही येत नाही. तो तारांवर आदळतो. आज सगळ्या देशात दीडशेच्या आतच माळढोक उरल्याचे जाणकार सांगतात, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. २०२४ साली तिथे कृत्रिम रेतनाने एक पिल्लू जन्मले. आशेला एवढी जागा आहे.

आम्ही नान्नजच्या माळावर सकाळ-संध्याकाळ काढली. काळवीट दिसले, खोकड दिसले, चंडोल पुष्कळ दिसले. माळढोक दिसला नाही. परतताना आमचे गुरुजी म्हणाले, "लहानपणी आम्ही असल्या रानाला पडीक म्हणायचो. सातबाऱ्यावर पण तसंच लिहितात. पडीक म्हटलं की ज्याला जे करायचं ते करायला मोकळा."

मला वाटते, सगळ्या सहलीचे सार त्यात आले. माळढोक पाण्यावाचून गेला नाही; कमी पाण्यात राहणे त्याला आपल्यापेक्षा चांगले येत होते. त्याच्या घराला आपण रिकामी जागा समजलो, म्हणून तो गेला. आणि तोच माळ धनगराची मेंढरे पोसतो, गुरांना चारा देतो.

तेव्हा शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. लांबचे वाळवंट जरूर पाहा. पण त्याआधी आपल्या गावच्या माळावर मुलांना एक सकाळ घेऊन जा. बसभाडे नको, परवानगीचा अर्जही बहुधा नको. उजाडायच्या आत निघा. मुलांना गवताची नावे गावातल्या मेंढपाळाला विचारू द्या, पाखरे मोजू द्या, आणि वहीत लिहू द्या. दरवर्षी त्याच माळाची तीच वही पुढल्या वर्गाच्या हाती द्या. दहा वर्षांनी त्या वहीला मोल येईल. आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हाती घरून भरून आणलेली पाण्याची बाटली आहे ना, तेवढे पाहा.