कोयनेचा मुका रहिवासी



कोयना म्हटली की आपल्याला धरण, वीज आणि १९६७चा भूकंप आठवतो. त्याच खोऱ्यातल्या एका बेडकाची बाजू आज मी मांडणार आहे. धरणाच्या उभारणीच्या काळातच, १९६३ साली, सोमण यांनी ही खरखरीत कातडीची नवी जात जगापुढे आणली. तिला कोयनेचेच नाव मिळाले. २००९ साली ही आणि आंबोलीची जात मिळून एक निराळे कूळ ठरले. कुळाच्या शास्त्रीय नावातच पिवळा रंग आहे. यांच्या कुशीवर पिवळे डाग असतात.

यांचा संसार केवढा? पावसाळ्यात जांभ्या सड्यावरच्या खळग्यात ओंजळभर पाणी साचते, त्यात अंडी. पावसाने ओढ दिली की खळगा आटतो आणि पिले मरतात. सड्यावर खाण पडली, तर खळगाच जातो. आपण मात्र त्याला पडीक खडक म्हणतो!

धरणग्रस्त पिढ्यान्पिढ्या झगडत आले. त्यांना मोर्चा काढता आला, बदली जमीन मागता आली. या बेडकाला बदली सडा कोण देणार?

अभयारण्याच्या रेषेआत त्याला आसरा आहे. रेषेबाहेर गावांनीच तो द्यायचा. संघटनेत आम्ही शिकलो की ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क बुडतो. २००२च्या कायद्याने ग्रामपंचायतींना जैवविविधता नोंदवही दिली आहे. पाटण तालुक्यातल्या गावांनी या पावसाळ्यात आपले सडे पाहावेत आणि तिथला हा रहिवासी त्या वहीत लिहावा, एवढीच माझी मागणी आहे.