दुखत नाही तेव्हाच जायचं
(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



बचतीचा हिशोब आपण दर महिन्याला लिहितो, पण स्वतःच्या अंगाचा हिशोब कोणी लिहीत नाही. म्हणून आज गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबद्दल बोलते. म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. लाजू नका, इथं सगळ्या बायाच आहोत.

तपासणीचं नाव काढलं की पहिलं उत्तर येतं, "मला काय झालंय? मला काहीच त्रास नाही." हा आजार सुरुवातीला दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. बहुतेकींच्या अंगातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात तो टिकतो आणि कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं घेतो. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. तण कोवळं असताना उपटलं तर सोपं जातं, तसंच हे.

दुसरं उत्तर, "लोक काय म्हणतील? वाईट चालीच्या बाईला होतो." असं काही नाही. हा विषाणू नवऱ्याकडूनही येतो. एकाच नवऱ्याशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. एका ताटात जेवल्यानं किंवा शिवल्यानं मात्र कॅन्सर होत नाही.

तिसरं, "पिशवीच काढून टाकली की कटकट मिटली." अंगावरून पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची घाई करू नका. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा ते गोळ्या-औषधानं बरं होतं. आधी तपासणी, मग निर्णय.

चौथं कोणी तोंडानं बोलत नाही, पण मनात असतं, "निघाला तर?" निघाला तर वेळेवर कळला, असं म्हणा. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. लातूर 1982 पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत 1999 पासून मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं तो केला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बाया त्यात होत्या, आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच झाली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायांना शिकवून साध्या सिरक्याची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तिथं मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

आपल्या सरकारी दवाखान्यात हीच सिरक्याची तपासणी असते. पिशवीच्या तोंडाला पातळ सिरका लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग दिसतो का ते बघतात. चिरफाड नाही, भूल नाही. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही, पुढची तपासणी करायची असते. कॅन्सरच्या आधीचा बिघाड असेल तर तो भाग गोठवून किंवा शेकून बरा करतात. पण डाग दिसल्यावर भीतीनं घरी बसू नका, नाहीतर तपासणी केली काय आणि न केली काय, सारखंच. पुढच्या तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरला शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणी 30 ते 65 वयात, दर पाच वर्षांनी. पाळी चालू असताना जाऊ नका. पण पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त गेलं किंवा घाण वासाचं पाणी जात असलं, तर शिबिराची वाट बघू नका, लगेच दाखवा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं तीस वर्षांवरच्या बायांची यादी करावी. आशाताईला विचारून वार ठरवावा आणि पाच-सहा जणींनी मिळून जावं. एकटीला लाज वाटते, पाच जणींत वाटत नाही. भाड्याला पैसे नसतील तर गटातून द्यावेत. जिला पुढं बोलावलंय, तिच्यासोबत एक जण जावी. आणि कोणाचं काय निघालं, ते गटाबाहेर जाऊ नये.

घरात लेकराला ताप आला की आपण रात्री धावतो. तशी एक सकाळ स्वतःसाठी काढा.