रायमुनियाची मुळं आणि विद्यावेतनाची मुदत

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावच्या वाटेला लागलं की कचारगडचा डोंगर समोर येतो. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज लाखोंच्या संख्येने येतो. काली कंकालीची मुलं या डोंगरातल्या गुहेत कोंडली गेली होती, आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी त्यांची सुटका केली, अशी कोया पुनेमची, म्हणजे गोंडांच्या धर्मपरंपरेची, कथा आहे. या यात्रेला आजचं रूप आलं ते १९८०च्या दशकात. गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून समाजाला या गुहेकडे पुन्हा वळवलं.

या परंपरेत प्रत्येक गोताकडे एखादं झाड, एखादा प्राणी, एखादा पक्षी राखायला दिलेला असतो. ज्याचं ते राखण, त्याने ते तोडायचं नाही, मारायचं नाही. साजाच्या झाडाला तर गोंडांच्या बडादेवाचं ठाणं म्हणूनच मान. जंगल कुणी सांभाळायचं, या प्रश्नाचं उत्तर इथे कुळानुसार वाटून दिलेलं होतं. म्हणून जंगलातल्या परक्या झुडपांबद्दल, ती उपटणाऱ्या तरुण हातांबद्दल आणि त्या हातांना मिळणाऱ्या पैशांबद्दल बोलायचं, तर कचारगडच्या पायथ्याशीच बोलणं योग्य.

साजा, मोहा, तेंदू ही झाडं वर आभाळाकडे वाढत असताना खाली एक झुडूप पसरत गेलं. पश्चिम महाराष्ट्रात त्याला घाणेरी म्हणतात, कुठे टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया. गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ, चुरगाळल्यावर उग्र वास येणारी खरखरीत पानं, अंगाला ओरबाडणारे काटे. मूळ घर अमेरिका खंडातलं. १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणलं गेलं. तिथून कुंपणांवर आलं, आणि कुंपणांवरून जंगलात शिरलं. पसरवायचं काम केलं बुलबुल-मैनांनी. पिकून काळी झालेली फळं त्यांनी खाल्ली आणि बिया जाईल तिथे टाकल्या.

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या निनाद मुंगी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या झुडपाचा पसारा मोजला. देशातल्या दीड लाखाहून जास्त चौरस किलोमीटर जंगलावर रायमुनियाचं आक्रमण झालेलं आहे, आणि वाघांच्या अधिवासाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग त्याच्या तावडीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अर्धा महाराष्ट्र झाकेल एवढं हे झुडूप.

याचा आणि वाघाचा संबंध काय? संबंध गवताचा आहे. रायमुनियाच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, आणि तिच्या पानामुळांतून उतरणारी रसायनं दुसऱ्या रोपांना उगवू देत नाहीत. मारवेल, पवन्या ही गवतं मागे हटतात. गवत नाही म्हणून चितळ शेताकडे वळतं. चितळामागे बिबट्या येतो, वाघ येतो, आणि मग गावात रात्री फटाके फुटतात. जनावरांनी ही पानं खाल्ली तर त्यांचं यकृत बिघडतं, हे गुराख्यांना वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात या वाळक्या जाळीतून वणवा जमिनीवरून झाडांच्या शेंड्यापर्यंत चढतो.

गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नाही. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनी ज्या परिसरातले आपले दिवस मराठी वाचकांच्या घराघरांत पोचवले, तेच हे नवेगावबांध. नागझिरा, कोका ही अभयारण्यं जोडून २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघीण गाडीतून आणता येते. तिच्या भक्ष्याचं गवत गाडीतून आणता येत नाही, ते जागेवरच उगवावं लागतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे यायला हवं, कारण पैशाचा सगळा हिशोब या कामाच्या स्वभावावर ठरतो. रायमुनिया वरून छाटली तर बुडख्यातून एकाच्या जागी सात-आठ फुटवे फुटतात. जाळली तरी तेच. जेसीबी लावला तर माती उकरली जाते, आणि उकरलेल्या मातीत बियांचा साठा आनंदाने रुजतो. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात एक साधी पद्धत बसवली. माणसाने झुडपाच्या बुडाशी बसायचं, कुदळीने माती थोडी बाजूला करायची आणि जमिनीच्या जरा खाली, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्या सांध्याखाली, मुख्य मुळावर घाव घालायचा. फुटवे येतात ते त्या सांध्यातून, म्हणून तो सांधा झुडपाबरोबर वर आला पाहिजे. मग झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, तसंच वाळत ठेवायचं. मुळाला माती लागली नाही की ते परत धरत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. जमिनीत पडलेलं बी पुढच्या पावसात उगवतं, त्याच्या पुढच्या पावसातही उगवतं. त्यामुळे त्याच तुकड्यात किमान तीन वर्षं परत परत जाऊन कोवळी रोपं उपटावी लागतात. मोकळ्या जागेत लगेच देशी गवताचं बी टाकलं नाही, तर तिथे रानतुळस नाहीतर गाजरगवत येऊन बसतं. उपटणाऱ्या माणसाला कोवळी रायमुनिया आणि कोवळं देशी झुडूप यातला फरक ओळखता यावा लागतो. विदर्भातले गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाट, ताडोबा, पेंच अशा प्रकल्पांत वनकर्मचाऱ्यांना गवत ओळखायला शिकवलं, त्याचं मोल इथे आहे. नजर तयार व्हायला एक हंगाम जातो. दुसऱ्या हंगामात माणूस कामाचा होतो.

आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पैसा संपतो.

राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा महिन्यांपर्यंत वाढली. योजना चांगली आहे. सालेकसा-देवरीतल्या मुलाला घरापासून फार लांब न जाता चार पैसे मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण या योजनेतल्या मुलाला रायमुनिया काढायला लावलं, तरी अकरा महिन्यांत तिचा फक्त एक पावसाळा येतो. पोराची नजर तयार होते, हात बसतो, आणि तो घरी जातो. पुढच्या पावसाळ्यात उगवलेल्या रोपांपाशी एक तर नवशिका उभा असतो, नाहीतर कुणीच नसतं. ठेकेदारीत याहून वाईट होतं, कारण बिल हेक्टरवर निघतं आणि तीन वर्षांनी त्या हेक्टरात काय उगवलं हे बिलात कुठेच येत नाही.

टिकलेलं काम पाहायचं तर याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे जावं. तिथे प्रश्न रायमुनियाचा नव्हता, बेशरम या दुसऱ्या परक्या झुडपाचा होता. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे मामा तलाव, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या पोटापाण्याचं साधन. जांभळट फुलांच्या बेशरमने त्यांचे काठ व्यापले, मासे अंडी घालत त्या पाणवनस्पती गेल्या, आणि मासळी घटली. कार्यकर्ते मनीष राजनकर, ढिवर समाजातले जाणकार पतिराम तुमसरे आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आधी शिकून घेतलं: कोणत्या तलावात कोणता मासा, तो कोणत्या वनस्पतीपाशी वाढतो, कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर. हे ज्ञान म्हाताऱ्या मासेमारांकडे होतं. मग उन्हाळ्यात तलाव आटल्यावर बेशरम मुळासकट काढली, पात्राचा काही भाग नांगरला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी देशी पाणवनस्पती हाताने लावल्या. निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्याबरोबरच्या ढिवर बायका या कामात पुढे होत्या. उपटण्याच्या कष्टाला काही ठिकाणी रोजगार हमीची मजुरी मिळाली. वनस्पती परतल्या तसे मासेही परतले.

या उदाहरणात उपटणं हा कामाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा म्हणजे लावणं आणि राखणं, आणि राखणारा माणूस त्याच गावचा होता. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरनेही हेच केलं. मेळघाटच्या पायथ्याच्या या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड जंगल सावरलं, सीताफळं विकून पैसा उभा केला, आणि २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. हक्काचा कागद हातात असला की माणूस तीन वर्षांचा विचार करतो.

बाहेरच्या जगात या कामासाठी पैशाची वाट कशी काढली, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने १९५५ साली आपल्या प्रबंधात मांडलं, की राष्ट्रीय उद्यानांच्या देखभालीत विद्यार्थ्यांना घ्यावं. १९५७ साली पहिली तुकडी कामाला लागली आणि त्यातून एक मोठी संस्था उभी राहिली. २००० सालापासून तिथल्या उद्यान खात्याने परक्या वनस्पतींसाठी फिरती पथकं नेमली, आणि अनुदानावरचे प्रशिक्षणार्थी तरुण त्यांच्याबरोबर काम करतात. दक्षिण आफ्रिकेने १९९५ साली आणखी मोठी उडी घेतली. परकी झाडं पाणी पितात, म्हणून ती काढण्याचं काम पाणी खात्याने गरिबांना रोजगार म्हणून दिलं. पाणी, जंगल आणि रोजी यांचा हिशोब त्यांनी एकाच वहीत मांडला.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी इथेच उभी राहिली.

पैसा नाही, हे कारण तर अजिबात पटणारं नाही. वनजमिनी खाणींना, धरणांना, रस्त्यांना गेल्या, त्यांच्या भरपाईचा निधी वर्षानुवर्षं साठला. २०१६ साली त्यासाठी कायदा झाला आणि २०१९ साली केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम दिली. वन्यजीवांचा अधिवास सुधारणं हे काम त्या निधीत बसतं. व्याघ्र प्रकल्पांच्या शेजारच्या गावांसाठी राज्याची श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही २०१५ पासून आहे. आता साधा गुणाकार करावा. बारावी झालेले दहा तरुण, महिना ६ हजार, छत्तीस महिने: २१ लाख ६० हजार रुपये. सगळे पदवीधर धरले तरी ३६ लाख. त्यात कुदळी, हातमोजे, गवताचं बी, विमा आणि शिकवणाऱ्या जाणत्याचं मानधन वाढवावं लागेल. जाणत्याचं मानधन विसरता कामा नये. झाड ओळखणारा म्हातारा गुराखी किंवा मोहा वेचणारी आजी या शिक्षणात गुरूच्या जागी आहेत, आणि गुरूला फुकट राबवण्याची आपल्याकडची सवय मोडली पाहिजे.

एक शंका रास्त आहे. रायमुनियाच्या जाळीत वाघीण पिल्लं लपवते, गरिबाच्या चुलीला तिचं सरपण मिळतं, मग ती सरसकट काढावी का? सरसकट काढूच नये. पाणवठ्याजवळचे, गवताळ माळांचे, गावाच्या शिवेलगतचे तुकडे आधी घ्यावेत आणि झेपेल तेवढेच घ्यावेत. कर्नाटकात सोलिगा आदिवासी कारागीर या झुडपाच्या काड्यांतून वेताला शोभेल असं फर्निचर करतात. ते जोडउत्पन्न म्हणून उत्तम आहे, पण फर्निचरच्या मागणीवर जंगलाची सफाई अवलंबून ठेवणं धोक्याचं. उद्या मागणी वाढली, तर रायमुनिया राखून ठेवण्यातच कुणाचं तरी हित तयार होईल.

पावसाळा सरता सरता जमीन मऊ असते, मूळ सहज सुटतं, आणि फळं पिकून पाखरांच्या तोंडी जाण्याआधी झुडूप हाती लागतं. कामाचा खरा हंगाम तेवढाच. गोंदिया जिल्ह्यातल्या ज्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्काचे कागद आहेत, त्यांनी पुढच्या हंगामाआधी आपल्या जंगलातला एक तुकडा निवडावा, गावातली दहा मुलंमुली ठरवावीत, आणि वनविभागाकडे अर्ज करताना विद्यावेतनाच्या रकमेआधी मुदतीच्या रकान्यात ‘तीन वर्षं’ असं लिहावं.