पाठकोरे कागद

दिवाळीत आंबागडला घरी गेलो, तर आई म्हणाली, "तुझी ती पेटी रिकामी कर बरं आता." पेटीत बीटेकच्या नोट्स अन् शाळेत असताना पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेल्या माझ्या कथा. नोट्स रद्दीत दिल्या. ते सगळं आज नेटवर मिळतं. कथाही फाडणारच होतो, तर मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात धानाचा हिशेब. किती पोती, किती उधारी. बाबा आता नाहीत.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरचे जुने कागद शोधून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. ते कागद कुणी जाळले नव्हते, म्हणूनच ना! तेव्हा पुन्हा मिळेल ते टाका, मिळणार नाही ते ठेवा. अन् टाकण्याआधी कागद एकदा उलटून बघा.