मोरीचं पाणी भिंतीला नको, परसबागेला द्या

मृग आता तोंडावर आलाय. ७-८ जूनच्या आत कौलं चाळून होतील. पण भिंतीच्या पायाकडे कुणी बघितलंय का?

मातीची भिंत खालूनही पाणी ओढते. मोरीचं पाणी वर्षभर पायाशी मुरलं, की ती आतून मऊ होते आणि झडीच्या पावसात कोसळते. आत लेकरं झोपलेली असतात.

म्हणून आजच बघा. भिंतीला खाली ओलीची रेघ आहे का? पोपडे सुटतात का? असतील तर वरून सिमेंट थापू नका, ओल आतच कोंडते. आधी पाणी तोडा. मोरीपासून उताराची चारी काढून पाणी आठ-दहा हात लांब न्या. तिथं अळू, कर्दळ, केळ लावा. त्यांना ओल मानवते. पपईला साचलेलं पाणी सोसत नाही, ती उंचवट्यावर लावा. कच्ची खायची कोथिंबीर या पाण्यावर नको.

पागोळ्या पडतात तिथं दगडगोटे पसरा, म्हणजे शिंतोड्यांनी भिंत झडणार नाही. दोडक्याचा वेल मांडवावर चढवा, छपरावर नको; पाल्याखाली वासे कुजतात. शेवग्याची फांदी कच्ची, वाऱ्यात मोडते. तो घरापासून लांबच बरा.

चारी खणायला एकटीला दिवस जातो, पाचजणी मिळून ती लवकर होते. गटात सावड करा. सुरुवात मात्र जिच्या घरात हाताखाली माणूस नाही, तिच्यापासून करा.