कुशीतली चमक

परिषदेसाठी अमरावती, वाशीम, बुलढाणा, यवतमाळहून पहाटेच निघालेल्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो, आणि रात्रपाळी संपवून थेट मागच्या रांगेत येऊन बसलेल्या निवासी डॉक्टरांनो,

राजराजेश्वराच्या या नगरीत, अकोल्यात, मोर्णेच्या काठी, तुमचं मनापासून स्वागत. डिसेंबरात आलात हे बरं केलंत. मे महिन्यात बोलावलं असतं तर हार घालायच्या आधी सलाईन लावावं लागलं असतं.

स्वागताध्यक्षानं गावाचा इतिहास सांगावा असा रिवाज आहे. असदगडचा किल्ला उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा बघून घ्या. मला मिळालेली दहा मिनिटं मी एका पोटदुखीला देणार आहे. यकृताभोवतीच्या आवरणाचे जंतुसंसर्ग हा परिषदेचा विषय आम्ही ठरवला तेव्हा एका ज्येष्ठ मित्रानं विचारलं, “असले पेशंट आपल्याकडे येतात तरी का?” येतात. आपण त्यांच्या केसपेपरवर पित्ताशय लिहितो.

माझीच चूक सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वीची, कापूस वेचणीच्या दिवसांतली. बाई पंचविशीची. उजव्या बरगडीखाली हात दाबून आली. “श्वास घेतला का चमक निघते, डाक्तरसाहेब.” खोकली की हात आणखी घट्ट. कळ खांद्यापर्यंत जायची, अंगात बारीक ताप. यकृताच्या तपासण्या नॉर्मल, सोनोग्राफीत खडा नाही. तरी खड्याविना पित्ताशय सुजतं, हे पुस्तकातलं वाक्य मला नेमकं आठवलं आणि मी पोट उघडलं. पित्ताशय छान निळसर, मऊ, निरोगी. आणि त्याच्यावर, यकृताचा पृष्ठभाग आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये ताणलेले पांढुरके धागे. पुस्तकात त्यांना व्हायोलिनच्या तारा म्हणतात. मी व्हायोलिन जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. मला आठवली ती लहानपणी गाद्या पिंजायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात. बोट लावलं तर वाजेल अशी.

मग खाली ओटीपोटात पाहिलं. दोन्ही बीजनलिका सुजलेल्या, आजूबाजूला चिकटलेल्या. लग्नाला पाच वर्षं, मूल नाही, एवढं केसपेपरवर होतं. अंगावरून पांढरं जातं का, ओटीपोटात दुखतं का, हे मी विचारलंच नव्हतं. सासू शेजारी उभी होती आणि बाहेर ओपीडीची रांग होती.

वरचं दुखणं खालून येतं, ते असं. जंतू बीजनलिकेतून ओटीपोटात उतरतात आणि उजव्या मोठ्या आतड्याच्या कडेच्या पन्हळीतून वर चढत यकृतापर्यंत पोचतात. रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतूनही जात असावेत. सुजतं ते यकृतावरचं ग्लिसनचं आवरण. आतला गाभा बहुधा शाबूत. म्हणून तर रक्ताचे रिपोर्ट आपल्याला फसवतात. हे पहिल्यांदा लिहिलं उरुग्वेच्या कार्लोस स्ताखानो यांनी, १९२० साली. १९३० मध्ये शिकागोच्या आर्थर कर्टिस यांनी ते धागे वर्णिले, १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस फिट्झ-ह्यू यांनी तीव्र दुखणं. नाव पडलं फिट्झ-ह्यू-कर्टिस. आडगावच्या माणसाचं नाव गळालं, याचं वऱ्हाडात कुणाला नवल वाटू नये! पुढची चाळीसेक वर्षं सगळा दोष गोनोरियाच्या माथी होता. मग क्लॅमायडिया सापडला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच पहिला संशयित आहे.

आपल्याकडे मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही. माझ्या त्या पेशंटचा तुकडा तपासून आला, तो ग्रॅन्युलोमा घेऊन. क्षय. प्रजननमार्गाच्या क्षयातही यकृताभोवती असेच धागे तयार होतात. वंध्यत्वासाठी दुर्बिणीनं पोट तपासताना ते दिसल्याचं दिल्लीच्या एम्समधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे. हा क्षय खोकत नाही. छातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो. सहा महिन्यांच्या औषधानं माझ्या पेशंटची चमक गेली. मूल मात्र झालं नाही. तोवर नलिका कामातून गेल्या होत्या.

बाई सांगत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार असते. विदर्भातलाच दाखला देतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या किती, तर ८ टक्के. म्हणजे विचारणारंच कुणी गेलं नव्हतं.

गोनोरिया-क्लॅमायडियाचं औषध तर आपल्या हाताशी आहे. सरकारी सुरक्षा क्लिनिकमधलं सहा नंबरचं पिवळं किट: सेफिक्झिमचा एक डोस, डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल चौदा दिवस. नवऱ्यालाही उपचार लागतात, आणि तिथं आपली खरी कसोटी लागते; पण त्यावर दुपारी स्वतंत्र सत्र आहे, तिथल्या वक्त्यांचा घास मी हिरावत नाही.

एक छोटी गोष्ट सांगून बसतो. तुमच्या पिशवीत एक जाड कागदाचं कार्ड आहे. उजव्या कुशीत दुखणाऱ्या प्रत्येक तरुण बाईसाठी चार ओळी त्यावर आहेत. आम्ही समितीत बसून पहिला प्रश्न लिहिला होता, ‘योनिमार्गातून स्राव होतो काय?’ आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी तो वाचला, हसल्या, पेनानं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘माय, पांढरं जाते का तुले?’ तोच छापला आहे. चौथी ओळ प्रश्न नाही, सूचना आहे: ‘आधी सासूले बाहेर बसवा.’ तीही सिस्टरांचीच.

कार्डाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. तुमच्या तालुक्यात या दुखण्याला दुसरा शब्द असेल तर तिथं लिहा आणि जेवणाआधी नोंदणीच्या टेबलावर द्या. जेवण एक वाजता. रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. रोडगे सकाळपासून गोवऱ्यांवर आहेत आणि त्यात तूप गरम असतानाच मुरतं, म्हणून वक्त्यांनी वेळ पाळावी.